पारदर्शक कारभार आणि शेंगदाण्याची चटणी

चहा येईपर्यंत सांगून टाकतो. एकदा चहा आला, की आमची मंडळी ट्रे घेऊन इथंच उभी राहील, आणि मग घोटाळा माझा असला तरी सांगणार ती!

हो, घोटाळाच. आमच्या कोरेगावात अजून हाच शब्द वापरतात.

आमचं एक रुग्णसाहित्य केंद्र आहे. नाव भारदस्त, पण जागा म्हणाल तर देवळामागची एक खोली. वॉकर, चाकाची खुर्ची, वर-खाली होणारी खाट असलं सामान ठेवतो. ज्याला गरज असेल त्यानं न्यावं, माणूस हिंडाफिरायला लागला की परत आणून द्यावं. पगारी कुणी नाही. अध्यक्ष सुभेदार तात्या, फौजेतून निवृत्त. खजिनदार मी, पतसंस्थेतून निवृत्त. म्हणजे एकाला बंदुकीची सवय आणि दुसऱ्याला व्हाउचरची!

तर झालं काय, पलीकडच्या गावात एका मंडळात हिशेबावरून डोकी फुटली, आणि इकडे मला पारदर्शकतेचा झटका आला. म्हटलं, आपलं सगळं उघड्यावर पाहिजे. देवळासमोर मोठा फ्लेक्स लावायचा: ‘आपली देणगी, आपला हिशेब. एक रुपयाही लपणार नाही!’ खाली स्कॅन करायचा कोड आणि शेजारी माझा हसरा फोटो. फोटो कशाला म्हणता? अहो, पारदर्शकतेला चेहरा नको का!

फ्लेक्सवाला म्हणाला, “भाऊ, कोड एकदा स्कॅन करून बघू का? नाव बरोबर येतंय का ते कळंल.”

“अरे, सगळी नोकरी मी दुसऱ्याच्या सह्या तपासण्यात घालवली. मला शिकवतोस?” मी फोनमधला कोड त्याला पाठवला आणि ऐटीत घरी आलो.

आता इथं माझ्या बायकोला आणावं लागतं. शालन शेंगदाण्याची चटणी करते. बरण्या गावातल्या दोन दुकानांत असतात. गिऱ्हाईक बरणी उचलतं, तिच्यावरचा कोड स्कॅन करतं, की आमच्या ओट्यावरचा छोटा स्पीकर ओरडतो, ‘अमुक रुपये प्राप्त झाले!’ बरण्यांवरची ती चिकटपट्टीसुद्धा मीच छापून आणली होती. म्हणजे तो कोडही माझ्याच फोनमध्ये होता.

आलं ना लक्षात? तुमच्या आलं. माझ्या नाही आलं!

फ्लेक्स लागला आणि आमचा ओटा बोलायला लागला. ‘पाचशे रुपये प्राप्त झाले!’ ‘हजार रुपये प्राप्त झाले!’ शालन फोडणी सोडून बाहेर आली.

“अहो, दुकानात बरण्या तशाच आहेत, आणि पैसे मात्र येतायत. हे काय?”

आता विचारलं होतं कुणाला? पतसंस्थेत हयात घालवलेल्या माणसाला! मी चष्मा पुसत म्हणालो, “याला आगाऊ नोंदणी म्हणतात. लोकांचा विश्वास बसलाय तुझ्या चटणीवर. माल वाढव.”

तिनं वाढवला. कुपवाडहून कुटायचं मशीन आणलं. घरात चटणीचे ढीग! शेजारीपाजारी शिंकायला लागले.

आणि केंद्राचं खातं? उन्हाळ्यातला माणचा ओढा बघा. खडखडीत!

त्यात माणमधले दौलतनाना, लेकीकडं राहायला आलेले. त्यांच्या मंडळींचं खुब्याचं हाड मोडलेलं. त्यांना खाट हवी होती; फ्लेक्सवर देणगीही टाकली म्हणत होते. केंद्रातली खाट दुसऱ्या घरी गेलेली आणि नवी घ्यायला पैसे नाहीत. तोंड पाडून मी त्यांना परत पाठवलं. जाता जाता नाना म्हणाले, “भाऊ, तुमचा कारभार मातर लय पारदर्शक हाय. पैसं कुटं जात्यात, ते आंधळ्यालाबी दिसतंय.”

“आशीर्वाद असू द्या, नाना!” मी हात जोडले. जोडले हो, खरंच जोडले!

कारण स्कॅन केलं की नाव काय येत होतं? शालन जगताप! आख्ख्या गावाला ठाऊक, खजिनदाराच्या बायकोच्या नावावर देणग्या चालल्यात. लोक माझ्याकडं बघून एकमेकांना कोपरानं ढोसायचे. मला वाटायचं, आदर वाढलाय.

मी तात्यांकडं गेलो. “तात्या, लोकांत दानतच राहिली नाही.”

“आरं, पर समदी म्हणत्यात आमी दिलं.”

“खोटं बोलतात! सभा लावा. सगळ्यांसमोर उघडं पाडतो एकेकाला.”

“लावू. आर या पार हून जाऊ दे,” तात्या मिशीवरून हात फिरवत म्हणाले.

देवळाच्या सभामंडपात सभा भरली. गर्दी होणार म्हणून मीच शालनला म्हटलं होतं, दाराशी चटणीचं टेबल लाव. लावलं तिनं, स्पीकरसकट. फ्लेक्स मी आत आणून माझ्यामागं टांगला.

मी माइक घेतला. पारदर्शकतेवर असा बोललो, असा बोललो, की शेवटी मीच टाळ्या वाजवल्या. शेवटी म्हणालो, “हा बघा कोड! कुणीही यावं, रुपया टाकावा आणि तो केंद्राला मिळतो की नाही ते डोळ्यांनी बघावं!”

दौलतनाना उठले. मुंबईच्या लेकानं दिलेला फोन काढला, फ्लेक्ससमोर धरला.

दाराकडून आवाज आला, ‘एक रुपया प्राप्त झाला!’

“शालन, ते बंद कर जरा! सभा चाललीय.”

“पुन्यांदा टाकू?” नाना म्हणाले.

“टाका, बिनधास्त टाका.”

‘एक रुपया प्राप्त झाला!’

मी भडकलो. “अगं, रुपयाला चटणी विकतेस काय?”

सभामंडप फुटला! लोक खांबाला धरून हसत होते. नानांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. “नाव वाचा, भाऊ. मोट्यानं.”

मी वाचलं. माइकमध्येच वाचलं. “शालन… जगताप.”

पायाखालची फरशी सरकली म्हणतात ना, ती मी सरकताना बघितली. या नानांनी, बायको घरात जमिनीवर अंथरुणाला खिळलेली असताना, खाटेसाठी पैसे टाकले होते. आणि आम्ही त्या पैशांचं मशीन घेऊन शेंगदाणे कुटत होतो!

शालननं पदर खोचला आणि माझ्या हातातून माइक काढून घेतला. “ज्यांनी चटणी घेतली ते डावीकडं बसा. ज्यांनी देणगी दिली ते उजवीकडं. मी फोनमधून नावं वाचते, ज्याचं त्यानं ओळखा.”

सभेचा चहा होईपर्यंत सगळं निवडून झालं. मशीनला लागलेले पैसे तिनं भिशीतून भरले, आणि दुसऱ्याच दिवशी नानांच्या दारात नवी खाट उतरली. नानांच्या मंडळींनी उशाला टेकून पहिलं काय मागितलं असेल? भाकरी आणि चटणी!

सभा संपता संपता तात्या उठले. “वहिनी, खजिनदार व्हाल का? ज्यांची हरकत न्हाई त्यांनी हात वर करा.” सगळे हात वर. घाम पुसायला मी हात उचलला, तर तोही मोजला!

परवा सांगलीच्या एका मंडळाचा फोन आला. “भाऊ, पारदर्शक हिशेबावर आमी कार्यक्रम ठेवलाय. तुमी दोघांनी यायलाच पायजे.”

माझी छाती फुगली. म्हटलं, चला, कुणाला तरी आपली कदर आहे! घसा साफ करून विचारलं, “मी किती वेळ बोलू?”

“न्हाई, न्हाई, भाषान वहिनींचं हाय,” तो म्हणाला. “तुमी नुस्तं शेजारी बसायचं. नमुना म्हणून!”