भासऱ्यांच्या नावाचा पासवर्ड

आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, बोलत नाही आणि त्याचं नावही तोंडातून काढत नाही. लग्न झाल्यापासून मी हे इमानेइतबारे पाळलं. त्यातलं शहाणपण मला कधी सापडलं नाही, फायदा मात्र एक सापडला. अर्जुनी मोरगावच्या आमच्या राईस मिलमध्ये मी लिनक्सचा सर्व्हर बसवला, तेव्हा पासवर्ड म्हणून भासऱ्यांचंच नाव ठेवलं. जे माझ्या तोंडून चुकूनही निघणार नाही, त्याहून सुरक्षित काय असणार?

भासऱ्यांचा त्या सर्व्हरवर आधीपासूनच राग. धरमकाट्यावर, म्हणजे भरलेले ट्रॅक्टर तोलायच्या काट्यावर, होणारं वजन, धानाची पावती, सगळं त्यावर चालायचं आणि मी ते दूर फुलचूरला आमच्या घरी बसून सांभाळायची. घरी बसून करतात ते काम, हे त्यांना पटतच नव्हतं. हंगामात एकदा जरी अडलं तरी हा सर्व्हरचा डब्बा माळ्यावर टाकीन, असं त्यांनी सासूबाईंमार्फत कळवून ठेवलं होतं. डब्बा माळ्यावर गेला की माझं कामही गेलं, आणि माझं म्हणावं असं माझ्याकडे तेवढंच होतं.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवशी मी घरून फायरवॉल चालू केली. बाहेरून येणारं सगळं बंद, असा नियम घातला आणि मला स्वतःला आत यायला वाट ठेवायची राहिली. जोडणी तुटू शकते, चालेल का, असं मशीनने विचारलंसुद्धा. मी हो म्हटलं. सुनेला कशालाही हो म्हणायची सवय लागलेली असते. मी बाहेर फेकली गेले, काट्यावरच्या कॉम्प्युटरची जोडणीही तुटली आणि धानाचे ट्रॅक्टर खोळंबले.

आता कुणीतरी मिलमध्ये बसून थेट सर्व्हरच्या कीबोर्डवर टाइप करायला हवं होतं. मुनीम मंडईला गेलेला, नवऱ्याचा फोन बंद. ऑफिसात होते ते भासरे, आणि मिलजवळच्या त्यांच्या घरून जेवण घेऊन आलेल्या सासूबाई. मी सासूबाईंना फोन लावला.

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि फोन आणि भासरे यांच्या मध्ये खुर्ची घेऊन बसल्या. मी त्यांना एकेक इंग्रजी अक्षर सांगायची, त्या ‘हव’, म्हणजे हो, म्हणायच्या, मग भासरे ते बटण शोधून दाबायचे. सासूबाईंना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. पण त्यांच्या हवशिवाय काम पुढे सरकत नव्हतं. लॉगिनचं नाव असं कसंबसं पार पडलं.

"माय, विचार तिले, आता का लिहू?"

"सासूबाई, तुमच्या मोठ्या पोराचं नाव," मी म्हटलं. "इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं."

सासूबाईंनीच ते नाव उच्चारलं आणि बटणं वाजू लागली.

"माय, मी लिहून राहिलो, पण काही दिसूनच नाही राहिलं."

पासवर्ड दिसत नसतो, लिहीत राहा म्हणावं, असं मी सासूबाईंना सांगितलं. कर्त्या माणसाला स्वतःचं नाव असं आंधळेपणाने लिहायला लावणं बरं दिसत नाही, पण इलाज नव्हता. पुढे फायरवॉल बंद करायचा आदेश दिला, तर मशीनने पासवर्ड पुन्हा मागितला. भासऱ्यांनी तो न विचारता लिहिला.

काटा सुरू झाला. मी इकडून आधी माझी आणि काट्याची वाट नियमात घातली, मगच फायरवॉल परत लावली. फोन अजून चालूच होता. धीर करून सासूबाईंना विचारलं, आता डब्बा माळ्यावर जाणार का.

त्यांनी तोंड उघडायच्या आत भासरे फोनजवळ येऊन बोलले.

"कायले टाकू माळ्यावर, बाई? माझ्या नावानं चालून राहिला न तो."

लग्न झाल्यापासून ते माझ्याशी पहिल्यांदा बोलत होते. मला फार बरं वाटलं, पण सवय सुटली नाही. मी म्हटलं, "सासूबाई, त्यांना हो म्हणून सांगा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तूच सांग न," सासूबाई म्हणाल्या. "मी जाऊन राहिली घरी."