विसातल्या दोन पेशी

“परत मोज.”

मी आकडा सांगितला की ताई मान वर न करता एवढंच म्हणायच्या. मुलुंडच्या त्या लॅबमध्ये मी नवी होते, ताई सगळ्यांत जुन्या. मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी धरायची आणि तिच्यातले क्रोमोसोम मोजायचे, हे आमचं काम. माणसाच्या पेशीत ते सेहेचाळीस असतात. माझे कधी पंचेचाळीस भरायचे, कधी सत्तेचाळीस. मग ताई मालवणीवर यायच्या. “सत्तेचाळिसावो खयसून हाडलंस गो? परत मोज.”

पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या ताई भांडुपला एकट्या राहायच्या. रविवारीसुद्धा ‘कल्चर बघून जाते’ म्हणत लॅबमध्ये हजर. कल्चर म्हणजे उबेत वाढत ठेवलेलं रक्त. ते कुणी बघितलं नाही तरी वाढतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. ती सुट्टी का घेत नाहीत, हे आपण विचारत नाही. आपल्या सोयीचंच असतं ते.

एकदा मला समजावत होत्या. “क्रोमोसोम सगळ्यांचेच तुटतात गं, रोज तुटतात. पेशी ते जोडून घेते. जोडायचंच बिघडलं की वाट लागली. एकाचा तुकडा दुसऱ्याला चिकटतो, एखादा हरवतो. पेशीच्या दोन झाल्या की तो गोंधळ दोघींत जातो, वर नवा होतो. त्यातलीच एखादी बाकीच्यांना रेटून वाढायला लागली, की आपल्याकडे नमुना येतो. ब्लड कॅन्सरचा.”

पेशंटच्या नमुन्यांसोबत आम्ही एका निरोगी माणसाचं रक्तही लावायचो. आपली रसायनं नीट चालतात ना, हे त्यावरून कळतं. ते रक्त वर्षानुवर्षं ताईंचंच. “माझं घे. हातावरचा सुईचा डाग बघून विचारणारं कोण आहे घरी?”

एका दुपारी मी तेच रक्त बघत होते. एका पेशीत पाचव्या क्रोमोसोमचा तुकडा गेलेला, सातव्याच्या जोडीतला एक गायब. दुसऱ्या पेशीतही तेच. तिसरीत भलताच तुकडा भलत्याच जागी.

“ताई, स्लाइड बिघडलीय बहुतेक. तुमच्या रक्ताची.”

“परत मोज.”

मी परत मोजलं. मग त्या स्वतः येऊन बसल्या. बराच वेळ बघितलं, उठल्या, हातमोजे काढले.

“स्लाइड झकास झालीय,” म्हणाल्या. “रिपोर्ट लिही.”

“कोणाच्या नावाने?”

“माझ्या. अजून कोणाच्या?”

हाडातल्या मगजाची तपासणी झाली, त्यातही तेच निघालं. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्याच्या निरोगी पेशी शरीरात रुजवाव्या लागतील. सख्खं भावंड असेल तर उत्तम. ताईंना एकच धाकटा भाऊ, गावी कणकवलीकडे. आई गेली तेव्हा ताई पोचेपर्यंत न थांबता त्याने अग्नी दिला होता. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. त्यानंतर दोघं बोलली नव्हती.

“तू लाव फोन,” ताई म्हणाल्या. “माझा आवाज ऐकून ठेवून देईल.”

मी सगळं सांगितलं. भाऊंनी एवढंच विचारलं, “कदी येव?”

तिसऱ्या दिवशी ते आले. हॉस्पिटलच्या बाकावर दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती.

“आवशीच्या वेळेक थांबाक होया होता तुज्यासाठी,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. आईचा विषय त्यांनीच काढला.

“आधी रक्त देऊन ये,” ताई म्हणाल्या. पण ते उठले तेव्हा विचारलंच, “काय खाल्लंस सकाळपासून?”

भावाच्या पेशी जुळल्या. उपचार झाले. तीन महिन्यांनी ताईंचा नमुना आमच्याकडे आला आणि मी वीस पेशी मोजल्या. विसांतही पुरुषाचे क्रोमोसोम, न तुटलेले, सेहेचाळीस. ताईंच्या शरीरात आता भावाचं रक्त तयार होत होतं. मी ओरडतच फोन केला.

ताई केवढ्या हसल्या! “नऊ वर्षं तोंड नाही दाखवलं, आणि आता हाडात येऊन बसलाय मेलो!”

भाऊ भांडुपला दीड महिना राहून गेले. नंतर गावाहून रोज फोन. लॅबमध्ये मला भेटायला आल्या की ताई त्या फोनचंच सांगत बसायच्या. गायीचं, नारळाचं, कशाकशाचं. त्यांना एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या तपासणीचा निकाल लागायचा त्या दिवशी त्या माझ्या समोरच बसल्या होत्या. मी चार वेळा मोजलं.

“बोल गं.”

“अठरा त्यांच्या.”

“आणि दोन माझ्या,” त्या म्हणाल्या. “सातव्यातला एक नाहीच ना त्यात?”

मी होकारार्थी मान हलवली. ताई म्हणाल्या, “त्याला लगेच नको कळवू. त्याला वाटेल, त्याचंच काही कमी पडलं.”

दोन वाढत वाढत सगळ्या झाल्या. ताई त्या दिवाळीच्या आधीच गेल्या. ताईंच्या वेळी भाऊ मात्र वेळेवर पोचले होते.

महिन्याभराने ते लॅबमध्ये आले. ताईंच्या कपाटातला चष्मा आणि स्वेटर पिशवीत घातला, आणि दारात घुटमळले. “ता मशिनीत बगतत ना, ता माका दाखवशात?”

मी अठरा आणि दोनची ती स्लाइड काढली. ते स्टुलावर अवघडून बसले.

“ह्यातली बायची खयची?”

मी काच सरकवून ताईंची पेशी मधोमध आणली. त्यांनी डोळा लावला. थोड्या वेळाने त्यांचा हात लागून फोकस गेला. आता त्यांना नुसता जांभळट डाग दिसत असणार. तरी ते बघत राहिले. मी फोकस नीट केला नाही.