जावई, सासूबाई आणि बिनखिडकीची खोली

बायकोनं जहाजाच्या सहलीचं बुकिंग केलं तेव्हा त्यात आम्हा चौघांची नावं होती. ती, मी, दुसरीत शिकणारी मुलगी आणि नुकताच बालवाडीत जायला लागलेला मुलगा. मुंबईहून निघायचं, गोव्याला उतरायचं आणि त्याच जहाजानं परत यायचं. आमच्या घराण्यात आजवर कुणी समुद्रात गेलेलं नव्हतं. छत्रपती संभाजीनगरात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला पाणी म्हणजे नळाला येईल त्या दिवशी भरून ठेवायची वस्तू. मुलं मात्र महिनाभर आधीपासून पलंगाचं जहाज करून बसली होती.

निघायच्या आठवड्यात बायकोच्या हातात निवडणुकीच्या ड्युटीचा आदेश पडला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ड्युटी रद्द करून घेण्यासाठी तिनं दोन दिवस खेटे घातले, पण काही झालं नाही. जहाजवाल्यांना फोन केला तर पैसे परत मिळत नव्हते, नाव मात्र बदलून मिळत होतं.

"आईला घेऊन जा," बायको म्हणाली.

माझ्या सासूबाई पैठणला राहतात. मी त्यांना मामी म्हणतो. आमच्याकडं सासू आणि जावई यांच्यात एक अंतर असतं, आणि मामी ते फार काटेकोरपणे पाळायच्या. मी घरात शिरलो की त्या खाटेवरून उठायच्या. डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही. मी समोर बसलेलो असलो तरी त्या मुलीलाच विचारायच्या, "त्यांना चहा ठेवू का, इचार." आणि मीही बायकोकडं बघून "ठेवा म्हणावं" असं उत्तर द्यायचो. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आमचं दोघांचं थेट बोलणं "कधी आलात" आणि "सांभाळून जा" एवढ्यावरच थांबलेलं होतं.

बायकोनं फोन स्पीकरवर टाकला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"एका खोलीत?" मामी म्हणाल्या. "जावयासंगं?"

"आई, पलंग वेगळे असतात."

"पलंग येगळे असले म्हणून काय झालं? खोली तर एकच नं!"

"ह्यांना एकट्याला दोघं आवरायची नाहीत. पोरं महिनाभर जहाज जहाज करायलीत. तू नाही आलीस तर सगळंच रद्द."

"बरं," मामी म्हणाल्या. "पोरांसाठी येते."

मुंबईच्या बंदरावर सामान तपासत होते तिथं पहिला प्रसंग घडला. मामींनी फडक्यात बांधून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. घरचं खाणं जहाजावर न्यायला बंदी होती. तपासणाऱ्या मुलीनं कचऱ्याच्या डब्याकडं बोट दाखवलं. मला वाटलं, आता मामी वाद घालणार. त्यांनी वाद घातला नाही. रांगेतून बाजूला होऊन त्या बाकावर बसल्या, फडकं सोडलं आणि रांगेतल्या लोकांना हाक मारली, "या, घ्या एकेक. टाकून द्यायचं नाय." सुरुवातीला लोक लाजले. मग एका गुजराती आजोबांनी घेतलं, त्यांचं बघून त्यांच्या सुनेनं घेतलं, आणि थोड्या वेळात फडकं रिकामं झालं. शेवटचा धपाटा मामींनी त्या तपासणाऱ्या मुलीच्याच हातावर ठेवला.

माझ्या सांगण्यावरून बायकोनं स्वस्तातली खोली घेतली होती, म्हणजे जहाजाच्या पोटातली, बिनखिडकीची. दार उघडलं आणि आम्ही चौघंही उंबऱ्यातच थांबलो. आत दोन पलंग एकमेकांना चिकटवून ठेवलेले. वर भिंतीतून बाहेर निघणाऱ्या दोन फळ्या, त्यावर गाद्या. एक कपाट, एक आरसा आणि उभं राहून वळताना कोपर लागेल असं न्हाणीघर. एका भिंतीवर छान पडदा होता. मुलीनं पळत जाऊन तो बाजूला सारला. मागं भिंतच होती.

"पप्पा, समुद्र कुठंय?"

मामी मात्र चिकटवलेल्या त्या दोन पलंगांकडं बघत होत्या. मी घाईघाईनं खोली आवरणाऱ्या पोऱ्याला बोलावलं. तो मणिपूरकडचा, हसतमुख होता. त्यानं पलंग दोन भिंतींना लावून दिले. तरी मधे एक माणूस जेमतेम चालेल एवढीच जागा राहिली.

मामींनी पिशवीतून एक सुती साडी काढली. वरच्या फळीच्या शिडीला एक टोक बांधलं, दुसरं कपाटाच्या मुठीला, आणि खोलीचे दोन भाग केले. मग पडद्याच्या पलीकडून मुलीला म्हणाल्या, "तुझ्या पप्पांना म्हणावं, आता निवांत बसा."

"आजी, पप्पा इथंच आहेत. तूच सांग की."

"बसा निवांत," पडद्यामागून मामी म्हणाल्या.

मामा, म्हणजे माझे सासरे, एसटीत ड्रायव्हर होते. मामींनी चार लेकरं दीड खोलीच्या क्वार्टरमध्ये वाढवली होती हे मला ऐकून माहीत होतं. ते म्हणजे काय असतं, हे मला त्या जहाजावर कळलं. तासाभरात त्या खोलीत प्रत्येक वस्तूला जागा मिळाली. चपला शिडीखाली, ओले कपडे न्हाणीघराच्या दांडीवर, मुलाची गाडी आणि अस्वल आरशापुढं. मुलीनं वरची फळी घेतली, मुलगा आजीच्या कुशीत. मामींना साडी बदलायची असली की त्या नुसतं खाकरायच्या आणि मी बाहेरच्या बोळात जाऊन उभा राहायचो. तिथं शेजारच्या खोल्यांमधले आणखी दोन-तीन बाप रोज भेटायचे. कुणाचं लेकरू आत झोपलेलं, कुणाची बायको आंघोळीला. आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून एकमेकांकडं बघून मान हलवायचो.

पहिल्याच संध्याकाळी मुलगा रडत न्हाणीघरातून बाहेर आला. तिथल्या संडासाचं बटण दाबलं की एवढा मोठा आवाज व्हायचा की मलाही दचकायला झालं होतं. ते आपल्याला आत ओढून नेईल असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानंतर तो आत जायलाच तयार होईना. मी समजावलं, मग रागावलो, मग मोबाइल देतो म्हणालो. तो दाराची चौकट धरून पाय आपटत होता आणि त्याची घाईही तोंडावर दिसत होती.

"सरका जरा," मामी मला म्हणाल्या. त्याच्यापुढं त्या उकिडव्या बसल्या. "बाळा, एसटी कशी सुटती?"

त्यानं हुंदका आवरला. "कंडक्टर घंटी वाजवतो."

"किती बार?"

"दोनदा. डबल बेल."

"मग कंडक्टर घंटीला भितो व्हय? ही बी गाडीच हाय. तुझं झालं की झाकण लाव, डबल बेल म्हण, बटण दाब. गाडी सुटली. आवाज तर होणारच नं, इंजिन हाय त्याचं."

दार लागलं. आतून थोड्या वेळानं बारीक आवाजात "डबल बेल!" ऐकू आलं, मागोमाग तो प्रचंड घरघराट, आणि मग खदाखदा हसणं. त्यानंतर आम्हाला कुणालाच बटण दाबायचा अधिकार राहिला नाही. मी आत गेलो की तो दारावर थापा मारायचा, "पप्पा, बेल मी देणार!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वरच्या डेकवर गेलो. चारी बाजूंना पाणीच पाणी. मामी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर वारा सारखा उडवत होता, त्या सारखा ओढून घेत होत्या. शेवटी त्यांनी तो कंबरेला खोचून टाकला. माझ्यासमोर त्यांचं डोकं उघडं असण्याची ती पहिली वेळ. केस पांढरेशुभ्र आणि दाट होते. मी दुसरीकडं बघितलं.

"आपल्या धरणाचा नाथसागर बी मोठा वाटायचा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पण त्याचा काठ दिसतो."

गोव्यात ऊन फार होतं. आम्ही थोडं फिरलो, पोरांना टोप्या घेतल्या, वाळूत बसवलं आणि जहाजावर परत आलो. परतीच्या वाटेवर दुपारी जेवण करून खोलीत आलो तेव्हा आधी काही कळलं नाही. मग वरच्या फळीवरून मुलगी म्हणाली, "पप्पा, खोली हलायली."

आरशापुढची गाडी आपोआप एका टोकाला गेली आणि परत आली. भिंती करकरू लागल्या. समुद्र खवळला आहे, सगळ्यांनी आपापल्या खोल्यांत थांबावं, अशी सूचना स्पीकरवरून झाली. खिडकी नसल्यामुळं बाहेर काय चाललंय ते दिसत नव्हतं, नुसतं पोटाला कळत होतं. मी पलंगाची कड धरून बसलो. मुलांपुढं काही दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. घाम फुटला, कानात दडे बसले. न्हाणीघराकडं निघालो तर तोल गेला, आणि कोपऱ्यातला कचऱ्याचा डबा हातात घेऊन मी पलंगावरच वाकलो.

उलटीपेक्षा मला लाजेनंच मेल्यासारखं झालं. सासू पलीकडं बसलेली आणि जावई असा डब्यात तोंड घालून. "काही नाही, बरंय," असं मी पडद्याकडं बघून म्हणालो असेन.

पडदा एका हिसक्यात बाजूला झाला. मामी माझ्या पलंगावर, माझ्या शेजारी येऊन बसल्या. ज्यांनी माझ्यासमोर कधी खुर्ची घेतली नव्हती, त्यांनी माझं कपाळ तळहातात धरलं, लहान पोराचं धरतात तसं, आणि दुसऱ्या हातानं पाठीवरून जोरजोरात चोळायला लागल्या.

"ओक बाळा. सगळं ओक. लाजू नको. डोळे मीट."

मी डोळे मिटले. कपाळावरचा हात खरखरीत आणि गार होता. माझी आई जाऊन बरीच वर्षं झालीत. मधल्या काळात मला बाळा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

मला बघून मुलगा घाबरला. "आजी, जहाज बुडायलं का?"

मामींनी माझ्या कपाळावरचा हात काढला नाही. तिथूनच त्या म्हणाल्या, "बुडत नाय. घाट लागलाय. तुझे आजोबा घाटात गाडी चालवायचे तवा अशीच हलायची. तुझे मोजे आण बरं. ताईचे बी आण."

मुलीनं मोजे आणले. मामींनी एका हातानंच ते गुडघ्यावर एकात एक गुंडाळून चेंडू केला. मुलगी एका भिंतीला टेकून खाली बसली, मुलगा समोरच्या.

"चेंडूला हात लावायचा नाय. जहाज ज्याच्याकडं चेंडू धाडील त्याचा डाव."

जहाज कलंडलं. मोज्यांचा चेंडू गडगडत मुलीकडं गेला. ती ओरडली. जहाज दुसरीकडं झुकलं, चेंडू मुलाच्या पायाशी. थोड्या वेळापूर्वी रडवेली झालेली पोरं आता मोठ्या हेलकाव्याची वाट बघायला लागली. "माझ्याकडं! माझ्याकडं!" करत जहाजालाच हुकूम सोडायला लागली. मी आडवा पडून त्यांचं हसणं ऐकत होतो. मामींनी पडद्याच्या साडीचा पदर भिजवून माझं तोंड पुसलं आणि तसाच ओला पदर कपाळावर ठेवला.

संध्याकाळच्या सुमाराला हलणं कमी झालं. मुलगा हिरमुसून म्हणाला, "आजी, घाट संपला?"

पोरं चेंडू तसाच टाकून अस्वलाच्या मागं लागली. मी उठून बसलो. मामी समोरच्या पलंगावर होत्या. चेहरा उतरलेला, ओठ कोरडे.

"मामी, तुम्हाला काही त्रास नाही झाला?"

"झाला की," त्या म्हणाल्या. "पोटात लई ढवळायलं होतं. अजून बी ढवळतंय. पण तिघं तिघं लेकरं असताना मी कुठं पडू?"

मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, उठल्या, आणि ती ओली साडी दांडीवर वाळत टाकून पिशवीतून दुसरी साडी काढली. शिडीला एक टोक, कपाटाला दुसरं. "झोपा तुम्ही जरा, जावईबापू," पडद्यामागून आवाज आला. पण आता त्या थेट मलाच सांगत होत्या, मधे कुणाला घेतलं नव्हतं.

मी आत असेपर्यंत त्या काही आडव्या होणार नव्हत्या. तेव्हा उठून बोळात जाऊन त्यांना खोली मोकळी करून द्यावी एवढंच माझ्या हातात होतं. मी तेच केलं. बाहेर ते नेहमीचे बाप होते, सगळ्यांची तोंडं पांढरी पडलेली. एकानं विचारलं, "तुमच्याकडं कोणाला त्रास झाला का?" मी म्हटलं, "मलाच. बाकी सगळे मजेत आहेत." आतून पोरांचा दंगा ऐकू येत होताच.

पुढं महिनाभरानं आम्ही सगळे पैठणला गेलो. मामी जहाजातून जाऊन आल्या ही बातमी गल्लीत आधीच पसरलेली होती. दुपारी आठ-दहा बायका घरात जमल्या. मी बाहेरच्या खोलीत चहा घेत बसलो होतो, मधलं दार उघडं होतं. जेवण कसं होतं, आंघोळीला गरम पाणी मिळायचं का, रात्री भ्या वाटलं का, असं त्यांचं विचारणं चाललं होतं. मामी एकेकीला रंगवून सांगत होत्या. समुद्र खवळला तिथं गोष्ट आली तसा सगळ्यांनी श्वास रोखला.

"मंग?" एक म्हातारी म्हणाली. "जहाज लागतं म्हणत्यात लोकांना. जावयाला नाय का लागलं?"

"त्यांना?" मामी म्हणाल्या. "छ्या! ते आपले निवांत बसलेले. पोरांनाच जरा मळमळलं."

आत बसलेल्या माझ्या मुलीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मामींनी शेवेची वाटी तिच्या हातात दिली. "खा गं. आन भावाला बी दे."

बायको दारात उभी होती. तिला मी सगळं सांगितलेलं होतं. ती पदरानं तोंड झाकून हसायला लागली. बायका माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या. मी चहाचा कप उचलला आणि निवांत माणसासारखा बसून राहिलो.