पुण्याचा भटू पाटील

भटू सुकलाल पाटील याने उभ्या आयुष्यात पुणं पाहिलं नव्हतं, तरी सुरतेच्या नानपुऱ्यात तो सात वर्षं पुण्याचा म्हणून राहिला. एवढी वर्षं खोटं निभावायला अक्कल लागते, आणि ती त्याच्याकडे होती. नको तिथे खर्च झाली, एवढंच.

बासष्ट साली तो शिरपूर तालुक्यातल्या आपल्या खेड्यातून थोरल्या भावाच्या, हिलालच्या मागे सुरतेला आला. आईबाप दोघेही गेलेले. हिलाल उधन्याच्या एका लूमखात्यात माग चालवायचा आणि गोडादऱ्यात पत्र्याच्या खोलीत राहायचा. धाकट्याला त्याने मागाला हात लावू दिला नाही. स्वतः दोन-दोन पाळ्या केल्या, बायको सरलाबाईने घरी बसून सुताच्या कांड्या भरल्या, आणि भटू मॅट्रिक झाला. सदुसष्टमध्ये तो एका बँकेच्या शाखेत क्लार्क म्हणून चिकटला, तेव्हा सरलाबाईने गल्लीभर गूळ वाटला होता.

बँकेत पहिल्याच आठवड्यात एक लूमवाला अंगठा उठवायला आला. शाईचा अंगठा कुठे पुसावा हे न कळून त्याने तो आपल्या डोक्याच्या केसांना पुसला. सगळा काउंटर हसला. भटूही हसला. तो माणूस भटूच्या गल्लीतला नव्हता, पण असू शकला असता. त्याच दुपारी मॅनेजर सबनीससाहेबांनी विचारलं, "पाटील, मूळचे कुठले?" आणि भटूच्या तोंडून निघून गेलं, "पुण्याचा."

एकदा पुण्याचा झाल्यावर त्याला सगळंच पुण्याचं करावं लागलं. नानपुऱ्यात खोली घेतली. बी. एस. पाटील मधला 'बी' म्हणजे भालचंद्र, असं सांगून टाकलं. पेठेचं नाव एका पंचांगाच्या शेवटच्या पानावरून उचललं. बोलणं रेडिओच्या बातम्या ऐकून घोटलं, त्यामुळे तो चहा मागायचा तेसुद्धा बातमी दिल्यासारखा. सत्तर साली खरोखरीचा पुणेकर बदलून आला, तेव्हा याच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्याने सांगितलं, की आपण अगदी लहानपणीच पुणं सोडलं. रविवारी तो सायकलवरून गोडादऱ्याला जायचा आणि सोमवारी बँकेत म्हणायचा, "काल पडून वाचत होतो." भावाच्या घरी मात्र तो जमिनीवर मांडी घालून पोटभर जेवायचा आणि वहिनीशी अहिराणीत तोंड दुखेपर्यंत बोलायचा. आठवड्यातून तेवढे चार तासच काय ते बरे जायचे.

अशात सुनंदा भेटली. ती म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकवायची आणि मराठी मंडळाच्या वाचनालयात पुस्तकं बदलायला यायची. म्हणायची, आम्ही नाशिकचे. वडील चलथाणच्या साखर कारखान्यात ऑफिसात आहेत. वडील, निंबा त्यांचं नाव, कारखान्यात होते हे खरं. पण ऑफिसात नव्हते, गव्हाणीवर होते. ऊस गाडीतून उतरवून यंत्राच्या तोंडी द्यायचा, हे त्यांचं काम. नंदुरबारकडून ऊसतोडीला आलेला माणूस तिथेच राहिला होता. हे भटूला ठाऊक नव्हतं.

दोघं संध्याकाळी तापीच्या काठाने फिरायची. हा म्हणायचा, "आमच्या पुण्याची हवाच वेगळी." ती म्हणायची, "आमच्या नाशकातली द्राक्षं खाऊन बघा एकदा." न पाहिलेल्या दोन शहरांच्या बढाया मारत दोघं मक्याची कणसं खात, आणि दोघांनाही ते फार आवडत असे. भटू तिच्यात पुरता गुंतला होता. त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात त्याने तिला लग्नाचं विचारलं.

ती म्हणाली, "मी नाही म्हणत नाही. पण आधी तुमच्या घरच्यांना भेटवा."

"भाऊ पुण्याला मोठ्या हुद्द्यावर आहे. रजा मिळत नाही त्याला."

"मिळेल तेव्हा भेटवा. मला घाई नाही."

तिने हे तीन वेळा विचारलं आणि तिन्ही वेळा भटूने हिलालची रजा नामंजूर केली. सांगायला हवं, हे त्याला कळत होतं. सांगितलं तर ही जाईल, असंही वाटत होतं. पत्र्याची खोली, कापसाच्या धुळीने खोकणारा भाऊ, कपाळावर हिरवं गोंदण असलेली वहिनी. रात्री तो मनातल्या मनात सगळं कबूल करायचा आणि सकाळी भांग पाडून पुन्हा पुण्याचा व्हायचा.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत एका रविवारी मंडळाचा तिळगुळाचा समारंभ सबनीसांच्या बंगल्याच्या अंगणात ठरला. सबनीसांच्या पत्नी, उषाबाई, मंडळाच्या अध्यक्षा. दरवर्षी काहीतरी नवं करायची त्यांना हौस. त्यांनी कुठेसं खापराच्या मांड्यांबद्दल वाचलं होतं. मांडा म्हणजे खानदेशातली पुरणपोळी, पण लाटण्यावर होत नाही. पुरण भरलेली सैल कणीक दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत ताणायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची. उषाबाईंनी भाजीवालीकरवी लूमवाल्यांच्या वस्तीतून दोन बायका बोलावल्या.

त्यातली एकच आली. अकराच्या सुमारास डोक्यावर खापर घेऊन ती फाटकातून आत शिरली, आणि खुर्च्या मांडत असलेल्या भटूने हातातली खुर्ची खाली ठेवली. ती सरलाबाई होती.

तिनेही त्याला पाहिलं. तिचं तोंड फुललं. "अरे भा—" एवढं ओठांवर आलं, आणि तिला त्याचे डोळे दिसले. ते दुसरीकडे वळलेले होते. सरलाबाईने पदर पुढे ओढला, उषाबाईंकडे वळली आणि विचारलं, "बाई, चुल्हा कथा मांडू?" उषाबाईंनी अंगणाचा कोपरा दाखवला.

भटू खुर्च्या मांडत राहिला. झालेल्या ओळीच त्याने परत मांडल्या.

दोघींचं काम एकटीने होईना. मांडा करणारी हातखंडा बाई होती सुंदरा, आणि ती तापाने पडली होती. सरलाबाईचं काम भाजून घडी घालायचं. तरी तिने हातावर कणीक घेतली. पहिला मांडा फाटला. दुसरा खापरावर पडला तो गोळा होऊन. तिसऱ्याचं पुरण जळलं आणि धुराने बायका नाकाला रुमाल लावून मागे सरल्या. कोणीतरी हसलं. उषाबाईंचा चेहरा उतरला. "राहू द्या हो. तुम्हाला येतच नाही तर आलात कशाला? आमच्या गड्याला पिटाळते हॉटेलात, पुऱ्या आणायला."

सरलाबाई खाली मान घालून पिठाचे हात पुसू लागली. भटू दहा हातांवर उभा होता. ज्या हातांनी त्याला शाळेचा डबा भरून दिला, ते हात पाहत उभा होता.

उठली ती सुनंदा. तिने घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं, व्हॉइलच्या साडीचा पदर खोचला आणि चुलीपाशी बसली. "मावशी, तुमी भाजा. मी करस."

गोळा तिने असा काही हातावर घेतला, की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरावर, कणीक पातळ होत गेली, आतलं पुरण दिसू लागलं, आणि मांडा खापरावर पसरला तो एक सुरकुती न पडता. दुसरा. तिसरा. सरलाबाईचे डोळे भरून आले ते धुराने नव्हे.

"अगबाई!" उषाबाई म्हणाल्या. "तुम्ही तर नाशिकच्या ना?"

"नाही," सुनंदा म्हणाली. हात थांबले नाहीत. "नंदुरबारकडच्या एका खेड्यातली आहे मी. वडील ऊसतोडीला आले होते, आता गव्हाणीवर आहेत. नाशिक मी पाहिलेलंही नाही. लाज वाटायची म्हणून खोटं सांगत होते. आता कंटाळा आला."

दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग सुनंदाने एक मांडा घडी घालून ताटलीत ठेवला, उठली, आणि सरळ भटूसमोर येऊन उभी राहिली. तिच्या कपाळावर पीठ लागलं होतं. ती हसत होती.

"घ्या," ती म्हणाली. "आता तुम्ही सांगा."

याहून सोपं कोणी कोणाला काय करून देणार? दार उघडून ती बाजूला उभी होती. भटूने ताटली घेतली. आजूबाजूला सबनीस होते, उषाबाई होत्या, तो खरोखरीचा पुणेकर होता. सगळे याच्याकडे बघत होते. त्याने घसा साफ केला आणि बातम्या देतात तशा आवाजात विचारलं,

"हे... खायचं कसं असतं?"

लोक खो-खो हसले. "पुणेकरांना सगळं समजावून सांगावं लागतं!" कोणीतरी म्हणालं.

सुनंदा हसली नाही. उत्तर चुलीकडून आलं. सरलाबाईने मान वर न करता सांगितलं, "दूधमा कुस्करीसन खातस, साहेब."

संध्याकाळी तो सुनंदाच्या मागे मागे स्टेशनपर्यंत गेला. चलथाणची गाडी यायला अवकाश होता. ती बाकावर बसली आणि म्हणाली, "गोडादऱ्याला माझी मावशी राहते. गेल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी तिच्याकडे आले होते. तुम्ही दारात बसून वडलांच्या नावाची घागर पुजत होतात आणि त्या बाई 'भटू' म्हणत तुम्हाला पाणी देत होत्या. तेव्हाच मला कळलं. मला इतका आनंद झाला होता, की सांगता येत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगावं म्हणून. आठ महिने थांबले. आज वाटलं, मी आधी सांगितलं तर तुम्हाला सोपं जाईल."

"मी उद्या सगळ्यांना सांगतो. शपथ."

"सांगा. पण माझ्यासाठी नको आता. खेड्यातला नवरा मला चालला असता हो. आज त्या बाईंसमोर तुम्ही परके झालात, तसे एक दिवस माझ्यासमोरही व्हाल."

गाडी आली. ती चढली, खिडकीशी बसली, आणि म्हणाली, "येते, भटूभाऊ." जिच्याशी लग्न करायचं तिच्या तोंडून 'भाऊ' ऐकल्यावर माणसाने पुढे काय बोलावं? पुढच्या वर्षी तिचं बारडोलीच्या एका शिक्षकाशी लग्न झालं.

समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, त्याने खरोखरच सांगितलं. सबनीससाहेबांच्या टेबलापुढे उभं राहून, घाम पुसत, सगळं. नाव भटू, गाव शिरपूरकडचं, भाऊ लूमवर. साहेबांनी कागदावरून नजर वर केली. "अस्सं? बरं, ती क्लिअरिंगची फाइल आणा." दुपारी उषाबाईंचा फोन आला. त्यांना पुढच्या महिन्यात हळदीकुंकवाला मांडे हवे होते आणि ती दुसरी बाई बरी झाली का, याची चौकशी भटूने करावी, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याच्या धाकाने त्याने सात वर्षं काढली, त्याची इथे कोणाला तसूभर पडलेली नव्हती. त्या दिवशी तो खातेवहीवर डोकं टेकून रडला. लोकांना वाटलं, चक्कर आली.

रविवारी तो गोडादऱ्याला गेला. हिलाल पाळीवर होता. सरलाबाई त्याला पाहताच लगबगीने शेजारी गेली आणि एक लाकडी खुर्ची मागून घेऊन आली. पदराने पुसून तिने ती खोलीच्या मधोमध ठेवली.

"बठा साहेब."

"वैनी, मी खाले बठस ना."

"नको, कपडा खराब व्हतीन."

ती रागावली असती, तर त्याने पाय धरले असते. पण तिच्या आवाजात राग नव्हता. कोपऱ्यात धुंडाळूनही सापडला नसता. तिने स्टीलच्या ताटात वाढलं, ताट त्याच्या हातात दिलं आणि स्वतः खाली, उंबऱ्याजवळ बसली.

"माले साहेब नको म्हनू, वैनी," भटू कसंबसं म्हणाला.

तिने ते ऐकलंच नाही. आठवडाभर मनात धरून ठेवलेलं तिला विचारायचं होतं. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून ती हळूच म्हणाली, "त्या दिन मी काहीच बोलनू नही. तुमना भाऊलेबी सांगं नही. कोनले कळू दिधं नही, तुमी आमना घरना शेतस म्हनीसन." आणि शाळेतल्या पोरीने गणित दाखवावं तसा चेहरा वर करून तिने विचारलं, "बरं करं ना मी?"

भटू खुर्चीवर बसला होता. घास तोंडात तसाच होता. त्याने हो म्हणून मान हलवली.