पत्र्यावरचं मांजर आणि सासूबाई

मंडळी, आज फार थकलेय, तरी लिहितेय.

सासूबाई हॉस्पिटलमधून घरी आल्यापासून आमच्या सिडकोतल्या घराच्या पत्र्यावर एक मांजर ओरडतंय. सकाळी शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "घरात आजारी माणूस आहे. मांजर रडणं चांगलं नाही, पाणी मार." मी पाणी मारून आले. रोजचंच झालंय.

दुपारी सासूबाईंच्या उशाशी बसून मोबाईलवर शोधलं. या ओरडण्याला इंग्रजीत 'कॅटरवॉल' म्हणतात. 'कॅटर' म्हणजे मांजर, बहुधा बोक्यासाठीच्या डच शब्दाशी नातं सांगणारं. 'वॉल' म्हणजे केकाटणं, आवाजावरूनच पडलेला शब्द. मांजरं माजावर आली की असं ओरडतात. त्यात रडणं कुठेच नाही.

सासूबाई जाग्याच होत्या. "काय वाचतेस?" मी सांगितलं.

त्यांनी नजर पंख्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "म्हणजे ते माझ्यासाठी आलं नव्हतं."

मला वाटायचं, दारातलं बोलणं त्यांच्या खाटेपर्यंत पोचत नाही.

"आता पाणी नको मारूस त्याला," एवढं बोलून त्या कुशीवर वळल्या आणि खरंच झोपल्या.

तुमच्याकडे आजारी माणसाला भेटायला आलेले लोक दारात काय बोलतात?