अंगुस्तानभर चहा

वेनफर्डच्या मेथडिस्ट हॉलमध्ये महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी रेल्वे मंडळ भरायचं, आणि त्या मंडळाला चहा पाजायचं काम अकरा वर्षं ग्लेनिस प्रॉबर्टकडे होतं. हॉलच्या भिंतीत स्वयंपाकघराची खिडकी होती. खिडकीच्या आत ग्लेनिस, चहाची मोठी टाकी आणि मनुकांच्या केकचे काप. बाहेर चौदा पुरुष आणि त्यांच्या इवल्या इवल्या आगगाड्या. सभासद एकमेकांना लायनेल, बर्नी असं नुसत्या नावानं हाक मारत. ग्लेनिस मात्र अकरा वर्षं ‘मिसेस प्रॉबर्ट’च राहिली. तिच्याशी कुणी वाईट वागत नव्हतं, उलट फार अदबीनं वागत. इथल्या माणसाला कुणाला चार हात लांब ठेवायचं असलं, की तो अदबीनं वागायला लागतो.

एकतीस वर्षं तिनं प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. रोज एकशे ऐंशी पोरांचं जेवण, आणि शनिवार-रविवारी गावातल्या लग्नांचे केक. केकवर आयसिंगची नक्षी काढावी तर ग्लेनिसनंच, असं अख्खा वेनफर्ड म्हणायचा. निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले आणि तिला काही सुचेना.

मार्चमधल्या एका शनिवारी ती उष्ट्या कपांचा ट्रे घेऊन बर्नी ट्यूडरच्या टेबलाजवळून जात होती. बर्नी म्हणजे मंडळाचं तोंड. काम थोडं आणि टोमणे फार. त्याची एक मालगाडी सांध्यावरून एका रुळावरून दुसऱ्या रुळावर निघाली होती. ग्लेनिसच्या मुलांच्या लहानपणी घरात खेळण्यातली आगगाडी होती. ती सांध्यावर आली की टक्कन उडायची आणि चारातून एकदा आडवी व्हायची. ही उडाली नाही. दह्यातून चमचा फिरावा तशी सरकत गेली. ग्लेनिसनं ट्रे खुर्चीवर ठेवला, खाली वाकली आणि एक डोळा मिटून रुळांच्या पातळीवरून पाहू लागली. प्रत्येक रुळाला धरून ठेवणारा प्रत्येक लोखंडी पाया तिथं होता, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि प्रत्येकात त्याची लाकडी पाचरसुद्धा होती.

“हे तुम्ही एकेक करून बसवलंत?” तिनं विचारलं.

“नाही, बाई, रात्री उंदीर येऊन बसवून जातात,” बर्नी म्हणाला.

त्या दिवशी वेनफर्डच्या रेल्वे मंडळाला दुसरा चहा मिळालाच नाही.

घरी येऊन तिनं नवऱ्याला, क्लेमला, सगळं सांगितलं. क्लेम जन्मभर पोस्टमन होता. दारोदार हिंडून त्याला कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं. “इस्त्रीचे कपडे ठेवायला घरात जागा नाही,” तो म्हणाला, “आणि तू रेल्वे आणणार.” पण इस्त्रीच्या टेबलाची ती वरखाली होणारी फळी दुसऱ्या दिवशी त्यानंच खिडकीपाशी उजेडात आणून ठेवली.

आता इथं थोडी मोजमापाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून घडलं. दुकानात मिळणाऱ्या गाड्यांचे रूळ हिशेबानं असायला हवेत त्यापेक्षा सव्वादोन मिलिमीटर अरुंद असतात. जगाला ते दिसत नाही. या मंडळाला दिसतं, आणि एकदा दिसलं की माणसाला चैन पडत नाही. खऱ्या रेल्वेवरून काटेकोर गणित मांडलं की दोन रुळांमधलं अंतर येतं अठरा पूर्णांक त्र्याऐंशी शतांश मिलिमीटर. हे ‘अठरा-त्र्याऐंशी’ म्हणजे मंडळाचा धर्म. पलीकडच्या गावात एक मंडळ होतं, ते ‘अठरा-दोन’वर, अठरा पूर्णांक दोन दशांशावर, भागवायचं. म्हणजे फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडाच जास्त, काम सोपं, आणि बघणाऱ्याला कळतही नाही. त्या लोकांचा विषय निघाला की इथली मंडळी आवाज खाली आणत, घरातून पळून गेलेल्या चुलतभावाविषयी बोलावं तशी. अध्यक्ष लायनेल हेस्केथ तर त्यांचं नावही घेत नसे. लायनेलचं पूर्वी औषधांचं दुकान होतं. गोळ्या मोजण्यात हयात गेलेला, नाकावर माशी बसू न देणारा माणूस. ‘मी पहिल्या दिवसापासून अठरा-त्र्याऐंशी,’ हे वाक्य तो वर्षातून चारदा तरी ऐकवायचा.

त्याच्यासमोर एप्रिलमध्ये ग्लेनिस एप्रन काढून उभी राहिली आणि मला सभासद व्हायचंय म्हणाली. लायनेलनं चष्मा पुसला. नियम सगळ्यांना एकच आहे, त्यानं सांगितलं. नव्या माणसानं घरी बसून एकट्यानं एक सांधा बनवायचा. परीक्षेआधी तो कुणाला दाखवायचा नाही, कुणाची मदत घ्यायची नाही. ऑक्टोबरच्या वार्षिक सभेत तो फळीवर ठेवतात, फळी एका बाजूनं दोन पुस्तकांवर उचलतात आणि मंडळाची जुनी वाघीण, म्हणजे मालगाडीचा उघडा डबा, तिच्या वजनानंच त्यावरून सोडतात. वाघिणीत असतं शिवणकामाचं अंगुस्तान, काठोकाठ चहानं भरलेलं, आणि अंगुस्तानाखाली टीपकागद. टीपकागदावर डाग पडला की पुढच्या ऑक्टोबरला या.

रुळांमधलं अंतर धरायला पितळी गेज लागतं. मंडळाचं गेज कुणीतरी नेलेलं होतं, म्हणून पुढच्या शनिवारी लायनेलनं स्वतःचं एक पाकिटात घालून आणून दिलं. पाकिटाला पेपरमिंटचा वास होता. “मिसेस प्रॉबर्ट, डोळ्यावर विश्वास ठेवू नका,” तो म्हणाला. “गेजवर ठेवा.”

पहिला सांधा ग्लेनिसनं जाळला. दुसऱ्यावर सोल्डरचे, म्हणजे रूळ जोडायच्या वितळलेल्या धातूचे, असे गोळे बसले की क्लेमनं विचारलं, च्युइंगगम कुणी चिकटवलंय. मग एके सकाळी साखरेचा पाक करताना तिच्या डोक्यात उजेड पडला. आधी भांडं तापायला हवं, साखर नंतर. तिनं रूळ आधी नीट तापवला, सोल्डर नुसतं टेकवलं, आणि ते आपोआप पसरत फटीत गेलं. पुढं हात आपसूक चालू लागला. शेकडो लग्नांची नक्षी त्या बोटांत मुरलेली होती, ती काय वाया जाणार होती? दोन रूळ जिथं टोक करून मिळतात ते टोक तिनं नऊ वेळा घासलं. तिसरा सांधा लंगडा निघाला. चौथा सप्टेंबरमध्ये पुरा झाला, आणि तो पाहताना तिला इतका आनंद झाला की ती क्लेमशी भांडायलाही विसरली. बारा ठिकाणी गेज लावून पाहिलं, बाराही ठिकाणी ते अलगद बसलं.

ऑक्टोबरच्या सभेच्या दिवशी चहाच्या खिडकीत क्लेम उभा राहिला. केकचे काप त्यानं पत्रांच्या गठ्ठ्यासारखे रचले होते. ग्लेनिस पहिल्यांदाच खिडकीबाहेर, चौदा पुरुषांच्या मधे, निळा ब्लाउज घालून उभी होती. लायनेलचा चेहरा त्या दिवशी पांढराफटक होता. तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. तब्येत बरी नसेल, असं तिला वाटलं.

सांधा फळीवर ठेवला. सगळे वाकले, एकेक डोळा मिटून पाहू लागले. कुणी हुंकार दिला, कुणी नुसतीच मान हलवली. मग लायनेलनं मंडळाची वाघीण रुळांवर ठेवली.

वाघीण बसेना. एका बाजूची चाकं रुळावर, दुसऱ्या बाजूची रुळाच्या माथ्यावर चढलेली. त्यानं उचलून पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. होतं असं पहिल्या खेपेला, मागून कुणीतरी समजूत घातल्यासारखं म्हणालं. ग्लेनिसचे कान तापले. खिडकीच्या आत जावं, टाकीची तोटी उघडावी आणि पुन्हा म्हणून बाहेर येऊ नये, असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं.

पण एकशे ऐंशी पोरांचं कस्टर्ड एकतीस वर्षं जिनं एकदाही कमी पडू दिलं नाही, ती बाई इतक्यात माप चुकल्याचं कबूल करणार नव्हती. तिनं पर्समधून पाकीट काढलं. गेज रुळांवर ठेवलं. ते बसलं. पुढं सरकवलं, तिथंही बसलं. बाराही ठिकाणी बसलं.

“सांधा गेजबरहुकूम आहे,” ती म्हणाली.

बर्नीनं तिच्या हातातून गेज घेतलं, मापयंत्राच्या जबड्यात धरलं, आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. “अठरा-दोन,” तो म्हणाला. “अहो, हे पलीकडच्या मंडळींचं गेज आहे. हे पाप तुम्हाला मिळालं कुठून?”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. बर्नीनं गेज परत दिलं, तेव्हा ग्लेनिसला त्याच्या खालच्या बाजूला खरवडलेली बारीक अक्षरं दिसली. ‘एल. एच. १९७१’. इतके महिने तिनं ती पाहिली होती आणि गेज बनवणाऱ्याची खूण समजून सोडून दिली होती. तिनं त्यावर अंगठा ठेवला. एक शब्द बोलली असती तर तिची सुटका होती आणि लायनेल हेस्केथची अब्रू गेली असती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा एक नियम होता: चुकलेल्या माणसाला पोरांसमोर बोलायचं नाही.

“चुकून आलं असेल कुठून तरी,” ती म्हणाली. “मी पुढच्या ऑक्टोबरला येईन.”

सहा महिन्यांचा तो सांधा तिनं उचलायला घेतला.

“ठेवा तो,” लायनेल म्हणाला. मग खोकला. “गेज माझं आहे.”

बर्नीचं तोंड उघडं राहिलं, आणि त्यातून काही बाहेर आलं नाही, ही मंडळाच्या इतिहासातली पहिलीच वेळ.

लायनेलनं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. या गावात येण्याआधी नऊ वर्षं तो अठरा-दोनवाला होता. इथं आला तेव्हा पहिल्या सभेत कुणीतरी विचारलं आणि तोंडातून निघून गेलं, मी पहिल्यापासून अठरा-त्र्याऐंशी. एकदा बोलून गेल्यावर मागं घेता येईना. तेव्हाची दोन गेज आणि एक वाघीण टाकून द्यायला मात्र हात धजला नाही. दोन्ही काळांचं सामान एकाच खणात राहिलं. परवा खण उघडला तर अठरा-त्र्याऐंशीचं गेज जागच्या जागी होतं, आणि मग त्याला कळलं आपण पाकिटात काय घालून दिलं.

“परवा?” ग्लेनिस म्हणाली. आता ती चिडली होती. “परवा कळलं, आणि आत्ता दहा मिनिटं माझी फजिती बघत उभे होतात?”

“हो,” लायनेल म्हणाला. “धीर होत नव्हता. तुम्ही पुढच्या वर्षी येईन म्हणालात, तेव्हा माझीच मला लाज वाटली.”

राग होता, पण इतकं सरळ कबूल करणाऱ्या माणसावर तो धरून तरी किती वेळ ठेवणार?

“ती वाघीण कुठंय?” तिनं विचारलं.

“गाडीत. बिस्किटाच्या डब्यात. घरातून निघताना घेऊन आलो, का ते माहीत नाही.”

“मग आणा की.”

लायनेल पंचाहत्तरीचा, पण त्या दिवशी पळत गेला. डब्यात कापसात गुंडाळलेली करड्या रंगाची एक वाघीण होती, पांढरी अक्षरं हातानं काढलेली, एका बाजूला थोडी तिरकी. त्यानं चाकाला तेलाचा थेंब लावला. मग वाघीण ग्लेनिसपुढं केली, आणि तिनंच ती रुळांवर ठेवली. चारही चाकं जागच्या जागी बसली.

एका सभासदानं नियमाचा मुद्दा काढला, तर बर्नीला कंठ फुटला. “नियमात सांधा, वाघीण, अंगुस्तान आणि चहा लिहिलाय,” तो म्हणाला. “धर्म कुठला ते लिहिलेलं नाही. क्लेम, चहा आण.”

क्लेमनं खिडकीतून येऊन टीपकागदाच्या तुकड्यावर अंगुस्तान ठेवलं आणि काठोकाठ भरलं. चहा काठावर फुगून उभा राहिला. फळी दोन पुस्तकांवर उचलली. ग्लेनिसनं बोट काढून घेतलं.

वाघीण निघाली. सांध्याच्या पात्यावर आली, वळली, त्या नऊ वेळा घासलेल्या टोकावरून गेली आणि पलीकडच्या रुळाला लागली. आवाज झाला नाही. फळीच्या शेवटी बर्नीनं तळहात आडवा धरला आणि ती त्याला येऊन टेकली. लायनेलनं अंगुस्तान उचललं, टीपकागद उजेडाकडे धरला, उलटापालटा करून पाहिला आणि शेजाऱ्याच्या हातात दिला. तो कोरडा कागद चौदा हातांतून फिरून ग्लेनिसकडे आला, आणि तिनं घडी करून ब्लाउजच्या खिशात ठेवला. मग हॉलमध्ये असा गलका झाला की शेजारून पाद्री डोकावून गेले. क्लेम प्रत्येकाला सांगत सुटला की खिडकीपाशी इस्त्रीची फळी त्यानं आणून दिली होती. पलीकडच्या मंडळाला वसंतात भेटीला बोलवावं, असाही ठराव त्याच सभेत पास झाला, आणि तो लायनेलनं मांडला.

गर्दीत थोड्या वेळानं तिला लायनेल दिसेना. पाहिलं तर खिडकीच्या आत, तिच्याच एप्रनमध्ये, चहाच्या टाकीपाशी तो उभा होता. तोटी कुठल्या बाजूला फिरवायची ते त्याला कळत नव्हतं. शेवटी एक कप कसाबसा भरला, निम्मा बशीत, आणि तो खिडकीतून पुढं केला.

“ग्लेनिस,” तो म्हणाला, “अकरा वर्षं तुझ्या हातचा चहा पितोय. तुला साखर किती लागते?”

“दोन,” ती म्हणाली.