फुकटचा फॅमिली फोटो

मला कोणीही, कधीही, काहीही विकू शकतं. मिक्सर बघायला गेलो आणि शिलाई मशीन घेऊन आलो, हे आख्ख्या अल्लीपूरला माहीत आहे. (आमच्या घरात शिवणकाम कोणालाच येत नाही.)

म्हणून हिंगणघाटच्या एका स्टुडिओचं 'फॅमिली फोटो फुकट' असं कूपन मिळालं, तेव्हा बायकोनं, कल्पनानं, मला दारातच अडवलं.

"फुकटचा एक फोटो, बस! त्याच्यावर काई आनलं तं मशीन अन् तुमी, दोघंबी पडवीत!"

"माह्यावर भरोसा ठेव," मी छाती फुगवून म्हणालो. आता इज्जतीचा प्रश्न होता!

आई, बाबा, कल्पना आणि तिचे वडील, म्हणजे आमचे मामाजी, असे सगळे निघालो. मामाजी सिंदीहून कडक इस्त्री करून आले होते. आईनं तर वांग्यांचा तोडा एक दिवस पुढं ढकलला. आमच्याकडं लग्नालासुद्धा वांगी थांबत नाहीत.

फोटोग्राफर भलताच गोड माणूस. त्यानं आधी चहा पाजला आणि मग फोटो काढायचा सपाटाच लावला. आईचा एकटीचा, बाबांचा एकट्याचा, मामाजींचा गुलाब हुंगताना, कल्पनाचा खिडकीतून बाहेर बघताना. (खिडकी पडद्यावर रंगवलेली होती.)

"आमाले तं एकच पाह्यजे," मी खमकेपणानं म्हणालो.

"काढून तं ठेवू भाऊ! नाई आवडला तं पुसून टाकू!"

किती सज्जन माणूस, असं मला वाटलं. सगळ्यांचा एकत्र फोटो काढताना प्रकाशाची ती पांढरी छत्री कलंडायला लागली, तर बऱ्याच वेळा मीच ती धरून उभा राहिलो.

मग त्यानं आम्हाला एका भिंतभर टीव्हीसमोर बसवलं आणि माझ्या हातात माउस दिला.

"एक फुकटचा ठेवा, बाकीचे पुसून टाका. पन आमचा नियम आहे भाऊ, पुसाचं घरच्याच मानसानं. सोताच्या हातानं!"

पहिलाच फोटो आईचा. भिंतभर आई! मी बटण दाबलं, तर पडद्यावर प्रश्न उमटला आणि फोटोग्राफरनं तो जड आवाजात वाचला, "कायमचं पुसायचं का?"

"काऊन रे," मागून आईचा आवाज आला, "मले पुसून राह्यला का?"

"आई, फोटो पुसून राह्यलो. तुले नाई!"

"फोटोत मीच आहो ना? उन्हातान्हात वांगे तोडून तुले शिकवलं, अन् तू मले एका बोटानं पुसतं!"

आईनं डोळ्याला पदर लावला. फोटोग्राफरनंही नाक ओढलं. मी घाईघाईनं पुढचा फोटो आणला. तो बाबांचा होता.

"पुस," बाबा शांतपणे म्हणाले. "मले सवय आहे."

हे तर आणखी वाईट! पुढं मामाजी गुलाब हुंगत आले. इथं मात्र माझं बोट जरा उत्साहानंच सरकलं.

"हात तं लावून पाहा!" कल्पना म्हणाली.

त्यानंतरचा फोटो कल्पनाचा होता. मी वेडा नाही.

"भाऊ, एखादा तं पुसा," फोटोग्राफर कळवळून म्हणाला. तेवढ्यात पडद्यावर मी आलो.

"हा पुस!" चौघंही एकदम ओरडले. आमच्या घरात एकमत झाल्याचं मी प्रथमच ऐकत होतो!

मी पुसला. पुढं सगळ्यांसोबत मी होतो.

"यात तुह्ये डोये मिटले आहे," आई म्हणाली. "पुस."

पुसला. मला चेवच आला! प्रत्येक 'कायमचं'ला मी 'हो' म्हणत होतो आणि कल्पनाला दिलेला शब्द पाळत असल्याच्या समाधानात होतो. शेवटी, ज्यात मी होतो तो एकही फोटो उरला नाही. ज्यात मी नव्हतो तो एकही पुसला गेला नाही.

"बाकीचे?" मी विचारलं.

"आता घरच्या मानसाईले काय कचऱ्यात टाकता?" हे कल्पना म्हणाली! दारात अडवणारी हीच ती! "घेऊन टाका सगळे!"

दोन अल्बम, चार फ्रेमा आणि चौघांच्या एकत्र फोटोची दाराएवढी एक फ्रेम. घरी न्यायला छोटा हत्ती टेम्पो सांगावा लागला.

"अरे भाऊ, तुमचा फुकटचा राह्यलाच की!" फोटोग्राफरला आठवलं. त्यानं मला स्टुलावर बसवून एक फोटो काढला. पोस्टकार्डाएवढा. त्यात माझा चेहरा जसा यायचा तसाच आलाय.

दाराएवढी फ्रेम आता आमच्या बैठकीत आहे. माझा फोटो बारका पडल्यानं दिसत नाही, म्हणून आईनं तो बाजूच्या खिळ्याला वेगळा टांगला आणि त्यावर लाल बल्ब लावला.

परवा गावात नव्यानं बदलून आलेल्या नर्सबाई घरी आल्या. भिंतीकडं बघून त्यांनी आपोआप हात जोडले. मी चहाचा ट्रे घेऊन समोर उभा!

"कधी गेले हो हे?" त्यांनी हळूच मला विचारलं. "तुमचे भाऊ का?"

खरं काय झालं ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

"मोठे भाऊ," मी म्हणालो. "फार भोळे होते बिचारे. कोनाले नाईच म्हनता येत नव्हतं."